लंगोटाखालची लाली

तान्ह्या बाळाच्या बुडाला लाली आली, तर माणसानं विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं? आजीवर? डॉक्टरांवर? पाकिटामागच्या बारीक अक्षरांवर? की माझ्यासारख्या दुकानदारावर, ज्याला माल खपवायचाय?

हसू नका. हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज येतो. संगमनेरच्या बाजारपेठेत माझं बाळांच्या सामानाचं दुकान आहे. टोपडी, झबली, दुपटी, लंगोट, पाळण्याच्या दोऱ्या, आणि आता भिंतीला लावून छतापर्यंत रचलेले डायपर. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण पाकिटं वाचून झालं. कोणतं कापड पाणी पितं, कोणतं नुसतंच ओलं होतं, कोणत्या इलॅस्टिकचा वळ उठतो, हे मला हात लावला की कळतं. आणि दुकान असं आहे, की सामान घेता घेता बायाबापड्या घरचं सगळं बोलून जातात. सासू बाहेर उभी असेल तर हळू, नसेल तर मोठ्यानं! त्यामुळे किस्से साठवावे लागत नाहीत. उसाची गाडी गेली की रस्त्यावर पाचट पडतंच, तसे ते आपोआप साठतात.

एरवी मी ते हसून सांगतो. या चैत्रात मात्र हसायची सोय राहिली नाही. कारण या वेळी लाल बूड माझ्याच घरात होतं.

आमची अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, बारसं झालं, नाव ईश्वरी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात सगळे तिला चिमी म्हणायला लागले. आता चिमी तीन महिन्यांची होत आली होती. हनुमान जयंती झाली की अश्विनीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पारनेरहून मायलेकींना न्यायला येणार होत्या. पाळणा रंगवून तयार होता. आणि नेमकी त्याच सुमाराला चिमीच्या मांड्यांच्या घडीत लाली दिसली. आधी गुलाबी. मग लालभडक. मग अशी, की पुसायला कापड लावलं तरी पोर कळवळून रडायची, आणि तिकडं स्वयंपाकघरात आमच्या सौ.चा पोळी लाटता लाटता हात थांबायचा.

अख्ख्या तालुक्याला लंगोट विकणाऱ्याची नात, आणि तिच्याच बुडाला आग!

दुकानात बसायचो, पण चित्त घरी. जखम चिघळली तर? ताप आला तर? आणि अशी सोललेली पोर विहीणबाईंच्या ओटीत कोणत्या तोंडानं घालायची?

*

त्याच दिवसांत भंडारदऱ्याकडचा सोमनाथ आला. धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. गडी उत्साही. पहिलंच पोरगं झालेलं.

"शेठ, सगळ्यात मोठ्या साइजचं पाकीट द्या."

"बाळ केवढं आहे?"

"दोन म्हयन्याचं."

"अरे, हे दीड वर्षाच्या पोराचं माप आहे!"

"असू द्या की. वाढंल! शाळंचा गणवेश बी आमी वाढत्या अंगाचाच घेतो."

आता काय बोलायचं? मी म्हणालो, "सोमनाथ, गणवेशाची बाही दुमडता येते. डायपर कुठं दुमडशील? मोठा डायपर मांडीशी पोकळ राहतो. त्यातून गळतंय ते वेगळंच, पण तो सरकत राहतो आणि त्याची कड दिवसभर मांडीला घासते. कातडी सोलते पोराची."

त्याचा चेहरा उतरला. "तरीच! मांडीला लाल वळ हायेत. आमी म्हणलं, धरणावरचं मच्छर चावलं. रोज धूर करतोय तंबूत!"

मी त्याला लहान मापाचं पाकीट दिलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हंजी दोन म्हयन्यांनी मला परत यावं लागणार?"

"यावं लागणार."

"शेठ, लई डोक्याचा धंदा हाय तुमचा. बाळ वाढतंय आमचं, आन् मोठं व्हतंय तुमचं दुकान!"

तो गेला आणि मी घरी फोन लावला. "अश्विनी, चिमीच्या डायपरमध्ये कमरेपाशी दोन बोटं जातात का, बघ बरं."

"जातात, बाबा. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय!"

*

आमच्या गल्लीत एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचा नातू सुट्टीला पुण्याहून आला होता. सर एका दुपारी छत्री टेकत दुकानात आले, आणि अर्धं पाकीट काउंटरवर आपटलं.

"तुमचा माल खोटा आहे."

"काय झालं, सर?"

"पाकिटावर बारा तास लिहिलंय. आम्ही नियमानं वापरला. तरी मुलाला पुरळ!"

"नियमानं म्हणजे कसा?"

सरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "सकाळी सहाला लावला. दुपारी एकला आंघोळीसाठी काढला. म्हणजे सात तास झाले. पाच शिल्लक. आंघोळ झाल्यावर तोच परत लावला."

मी विचारलं, "ओलाच?"

"ओला कशाला? तेवढ्या वेळात दोरीवर घातला होता ना! ऊन काय कमी आहे?"

मी सरांना स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणालो, "सर, ते बारा तास कपडे भिजू नयेत म्हणून लिहिलेत. बाळानं बारा तास त्यात बसावं, असं कुठं लिहिलंय? आत लघवी साठते, तिची वाफ कातडीला लागते. दर दोन-तीन तासांनी हात लावून बघायचं, जड वाटला की काढायचा. आणि शी झाली, तर मिनिटभरही ठेवायचा नाही. जावळ काढताना रडलं नसेल इतकं पोर त्या एका शीनं रडतं."

सर गंभीर झाले. "मग कंपनीनं तसं स्पष्ट लिहायला हवं. अशा अर्धवट उत्तराला मी गुण दिले नसते."

"बरोबर आहे, सर. पण तुम्ही तर लिहिलेला पेपर दोरीवर वाळवून परत सोडवायला दिलात!"

सर हसले. मीही हसलो. पण ते गेल्यावर वाटलं, आमच्या घरी तर चिमीचं ओलं झालं की लगेच बदलतात. माप बरोबर आहे. कापड मऊ आहे. मग हिला होतंय काय?

*

विहीणबाई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या. त्यांचं गाव पारनेरच्या पठारावर. बाई शेतातलं, गोठ्यातलं सगळं बघतात. बाजारात गाय घ्यायची तर दात, कास, खूर, शेपूट, सगळं तपासल्याशिवाय दोरी हातात घेत नाहीत, असं जावईबापूच सांगतात. अशा बाईपासून अश्विनी लाली लपवत होती! मोबाईल असा धरायची, की चिमीचं तोंड तेवढं दिसावं.

एके दिवशी चिमी मध्येच कण्हली.

"पोर रडती का गं?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही आई, झोप आलीय तिला."

"डोळं तर टक्क उघडं हायेत. जरा खाली दाखव."

"आई, नेटवर्क जातंय..."

"तोंड दिसाया नेटवर्क हाय, आन् खाली न्हाई व्हय?"

मोबाईल हळूहळू खाली गेला. पलीकडून विहीणबाई मोबाईलच्या इतक्या जवळ आल्या, की पडद्यावर नुसते त्यांचे डोळे दिसायला लागले. मला राहवेना. मी पुढं होऊन म्हणालो, "विहीणबाई, किरकोळ आहे हो. उन्हाळा आहे, घाम आहे..."

"व्याहीबुवा," त्या शांतपणे म्हणाल्या, "दुकानात बी तुमी गिऱ्हाइकाला वरचाच नग दाखवता का?"

इतकी वर्षं काउंटरवर बसतोय, पण असा माल माझ्या तोंडावर कोणी फेकला नव्हता!

मग त्यांचा आवाज जरा कापला. "आमच्याकडं टँकरचं पानी. लंगोट दोन पान्यांतून निघंल का, याचीच चिंता. म्हणून म्या म्हणलं, पोर ऱ्हाऊ दे तिकडं, प्रवरेच्या कडेला. चार बादल्या जास्त मिळत्याल. आन् झालं ते तिथंच! ऱ्हाऊ द्या. मी येते तवा पोर बरी असंल तर घिऊन जाईन. नसंल, तर मी बी तिथंच ऱ्हाईन."

फोन ठेवल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "उद्याच डॉक्टरकडे चला!"

*

आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम वयानं तरुण, पण बोलायला थेट. त्यांनी चिमीला तपासलं. "ओल, उष्णता आणि घासणं, या तिघांचं काम आहे हे. घाबरू नका, पण चालढकल नको." मग एकेक सांगितलं. कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ सुती कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. जस्ताचं पांढरं मलम, भिंतीला गिलावा द्यावा तसं जाड लावायचं, आणि दर वेळी ते खरवडून काढायचं नाही; मळलेलं तेवढं टिपायचं, वर नवा थर. पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. आणि दिवसातून जेवढा वेळ जमेल तेवढं उघडं. "ताप आला, फोड आले, पू दिसला, किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर लगेच आणा."

झालं! चिमी झबलं घालून, खाली मोकळी, जुन्या सुती साडीच्या घडीवर हॉलमध्ये हातपाय उडवायला लागली. तेवढ्यात दूध सोसायटीतले आबा बाळ बघायला आले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, कडक इस्त्री. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं, आणि चिमीनं त्यांचं यथास्थित स्वागत केलं.

"अहो शेठ!" आबा ओरडले. "गावाला डायपर विकता, आणि नातीला एक नाही?"

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलाय," मी बोलून गेलो.

एवढं एक वाक्य! 'थोडे दिवस, थोडा वेळ' हे शब्द पुढं जोडायला मला सुचले नाहीत. आठवडे बाजाराच्या दिवशी एक बाई काउंटरवर येऊन कुजबुजली, "शेठ, डायपर विषारी असत्यात म्हणं? तुमी नातीचा बंद केला म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"आबा."

मी तिला समजावलं, "अगं ताई, पायाला चपलेनं फोड आला, तर माणूस चार दिवस चप्पल काढून ठेवतो. म्हणून चप्पल विषारी होते का?"

तिला पटलं. निदान मला तसं वाटलं. मग म्हणाली, "तर मग लंगोटच दाखवा. फोड आल्यावर काढायचंच हाय, तर घालायचं कशाला!"

त्या दिवशी लंगोटांचे गठ्ठे संपले. मी प्रत्येकीला बजावत होतो, "नव्या कापडाला खळ असते. धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, उन्हात वाळवूनच घाला." तोंड दुकानात बोलत होतं. कान मात्र फोनकडं लागले होते. मलम सुरू होऊन दोन दिवस झाले होते, आणि अश्विनी रोज एकच सांगत होती: "आहे तसंच आहे, बाबा."

*

आता गिऱ्हाइकाच्या कडेवर बाळ दिसलं, की मी आधी त्याच्या कमरेकडं बघायला लागलो होतो. कोणाच्या तरी बाळात चिमीचं कारण सापडेल, अशी आशा!

एक तरणी सून सासूला घेऊन आली. बाळाच्या कमरेभोवती लाल रेघ, जणू कोणी कुंकवाचं बोट गोल फिरवलंय. सासू तणतणत होती. "ह्या डायपरचा पट्टाच वाईट!"

मी डायपर जरा सैल करून पाहिला. आत काळा करदोटा, ओलाकंच. डायपर बदलला जात होता, पण करदोटा तोच, दिवसरात्र भिजलेला, पट्ट्याखाली दाबलेला.

"मावशी, हा ओला दोरा घासतोय."

"करदोटा काढायचा न्हाई!" सासू कडाडली. "नजर लागंल."

सून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत असं होतं, की हे वाक्य तिनं घरी बोलून पाहिलंय आणि त्याचं काय झालं ते तिलाच माहीत. आता धंद्याचा नियम आहे: गिऱ्हाइकाच्या श्रद्धेशी भांडायचं नाही, आणि सासूशी तर अजिबातच नाही.

मी म्हणालो, "काढायला कोण सांगतंय? हा बदलून कोरडा घाला, जरा सैल. आणि डायपरच्या वर, पोटावर ठेवा. नजरेला करदोटा दिसला, तर ती परत जाईल ना! आत लपवून ठेवला, तर तिला कसं कळायचं?"

सासूनं क्षणभर विचार केला.

"व्हय की! लिंबू-मिरची बी आपन दाराच्या भायेरच बांधतो."

सुनेनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवली. खांदे हलत होते!

घरी गेलो, तो आधी चिमीचा करदोटा पाहिला. वर होता, कोरडा होता, सैल होता. मला वाईट वाटलं, यावर विश्वास बसेल का तुमचा? कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

*

माझ्या शेजारी विलासचं मेडिकल आहे. अकरा वाजताचा चहा आम्ही त्याच्या काउंटरवर घेतो. त्या दिवशी कप तोंडाला लावला, तोच एक बाई धापा टाकत आली. कडेवर पोरगं. मागून काठी टेकत तिचे सासरे.

"दादा, त्या दिवशीचं मलम आजून एक द्या."

तिनं रिकामी ट्यूब पुढं केली. विलासनं ती पाहिली, आणि त्याचा चहा सांडला. "ताई, ही तर आजोबांच्या नायट्याची ट्यूब. कोणाला लावली?"

"बाळाला. बुडाला लाल झालं हुतं. दोन दिवसांत लोण्यावानी झालं, लई गुण आला! आता संपलं तर दुप्पट आलंय."

"अहो, मी ही आजोबांना दिली होती. नातवाला नाही!"

तिनं पोराचं दुपटं बाजूला केलं. मांडीच्या घडीत खोलवर गडद लाल, आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे बारीक ठिपके. विलास मला हळूच म्हणाला, "यात स्टेरॉइड असतं. वरून शांत दिसतं आणि खाली बुरशी माजते. बाळाची कातडी पातळ होते ती वेगळीच." मग बाईला म्हणाला, "ताई, ही मी देणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता बाळाच्या डॉक्टरकडं जा. आणि ही रिकामी ट्यूब सोबत न्या, त्यांना दाखवा."

बाई रडायला लागली. मागून आजोबांनी काठी आपटली. "जा, बये, जा. पर जाताना मला नवी ट्यूब घिऊन दे. तुमी डॉक्टरला पोराचं बूड दाखवाल, माझी खाज मी कुनाला दाखवू?"

मेडिकलमधली सगळी गिऱ्हाइकं हसली. मला हसता आलं नाही. ते सुटे ठिपके मी आदल्या संध्याकाळी पाहिले होते. चिमीच्या मांडीवर.

ऐन लग्नसराईत, सकाळी अकराच्या सुमाराला, मी दुकानाचं शटर खाली ओढलं. समोरचा भांडीवाला धावत आला. "शेठ, कोण गेलं?"

*

रिक्षात आम्ही सगळेच बसलो. मी, सौ., अश्विनी, चिमी, आणि चिमीला न्हाऊ घालायला येणाऱ्या चंद्रभागामावशी, कारण त्या तेव्हा घरीच होत्या आणि मागं राहायला तयार नव्हत्या.

डॉक्टर मॅडमनी दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. चिमी रडून रडून दमली होती.

"बुरशी सुरू झालीय," त्या म्हणाल्या. "त्याचं मलम देते, उतरेल. पण मला दुसरंच कळत नाहीये. ही कातडी घासून घासून सोलल्यासारखी का दिसतेय? मी दिलेलं सोडून आणखी काय लावता?"

"काही नाही," सौ. म्हणाल्या.

"काही नाही," अश्विनी म्हणाली.

"म्या कशाला काय लावू बया," मावशी म्हणाल्या.

"मी तर दुकानदार माणूस," मी म्हणालो.

मॅडमनी कापसाचा ओला बोळा घेतला आणि मांडीची घडी हलकेच टिपली. बोळा पिवळा झाला. दुसरा घेतला. त्याला पांढऱ्या गुठळ्या लागल्या. तिसरा त्यांनी नाकाशी नेला. "गुलाब?" चौथ्यावर काहीतरी हिरवट आलं. ते चारी बोळे त्यांनी एका ट्रेमध्ये ओळीनं मांडले आणि आमच्याकडं पाहिलं.

शेवटी सौ.नी खाली बघत सांगितलं, "सकाळी अश्विनी आंघोळीला गेली, की मी तुपात हळद कालवून लावते. आधी ते पांढरं पुसून घेते, म्हणजे हळद नीट लागते."

"ती हळद मी काढते," मावशी म्हणाल्या. "दुपटी पिवळी व्हत्यात. न्हाऊ घातलं की वरून शंखजिऱ्याची पांढरी पूड लावते. कोरडं ऱ्हातं."

"म्हणजे त्या गुठळ्या तुमच्या होत्या!" अश्विनी म्हणाली. "मी रोज वासाच्या ओल्या रुमालांनी त्या घासून काढत होते. त्याशिवाय मलम कसं लावणार?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका?"

"मी कशाला..." मी सुरुवात केली.

"मग शर्टाच्या खिशातली ती हिरवी ट्यूब कोणाची?" सौ. म्हणाल्या.

एजंटानं बाळाच्या नव्या मलमाचा नमुना म्हणून दिली होती हो! दुपारी जेवायला गेलो आणि सगळ्या आडव्या झाल्या, की मी आधीचं सगळं स्वच्छ पुसून, जरासं बोटावर घेऊन...

मॅडमनी आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं. "एवढीशी कातडी. तिच्यावर दिवसभर चार माणसं, प्रत्येक जण दुसऱ्याचं पुसतोय आणि आपलं लावतोय. पोरीनं भरून यायचं कधी?" मग त्यांनी चिमीला अश्विनीच्या हातात दिलं. "आता एकच हात. हिचा. बाकीच्यांनी हात मागं बांधून बसायचं."

तसेच बसलो! अश्विनी आत चिमीचं करायची आणि आम्ही तिघं हॉलमध्ये एकमेकांवर पाळत ठेवून. मावशी पाणी प्यायला उठल्या, तरी सौ. मागोमाग. मी नुसता खोकलो, तरी दोघी माझ्या खिशाकडं बघायच्या. पहिल्या दिवशी फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी नवे ठिपके आले नाहीत. मग एका सकाळी अश्विनी पुसत होती, आणि आतून रडण्याचा आवाज आला नाही. आम्ही तिघं दारापाशी कान देऊन उभे. सौ. मुसमुसायला लागल्या. मावशींनी आपलेच डोळे पुसले. निदान ते पुसणं तरी कोणाला नडणार नव्हतं!

हनुमान जयंती झाली, आणि ठरल्याप्रमाणे विहीणबाई जीप घेऊन आल्या. पायांवर पाणी घेतलं, पण चहाला नको म्हणाल्या. थेट चिमीजवळ. तिला उचलून खिडकीशी नेलं, दुपटं उघडलं, मांडीच्या घड्या बोटांनी अलगद फाकवल्या. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे.

"हितं जराशी गुलाबी हाय," त्या म्हणाल्या.

"तेवढीच राहिलीय, आई," अश्विनी म्हणाली, आणि तिनं सासूबाईंना सगळं खरं खरं सांगितलं. हळद, शंखजिरं, रुमाल, माझी ट्यूब, चार बोळे, आणि मॅडमनी घातलेला एका हाताचा नेम.

विहीणबाईंनी आमच्याकडं असं पाहिलं, की माझी नजर आपोआप फरशीवर गेली. मग मान हलवली. "बरुबर बोलली डॉक्टरीण. लई हात लागलं की भाकर बी मोडती." आणि पहिल्यांदाच हसल्या. "पोर नेते म्या."

पुरणावरणाचं जेवण झालं. मी आणि ड्रायव्हर जीपवर पाळणा बांधत होतो, अश्विनी मागच्या खोलीत पिशव्या भरत होती, सौ. ओटीचं ताट लावत होत्या. दोरी कमी पडली म्हणून मी आत आलो. सौ. माझ्या आधी दारात पोचल्या होत्या आणि तिथंच खिळल्या होत्या.

आत विहीणबाई एकट्याच होत्या. आमच्याकडं पाठ करून, चिमीवर वाकलेल्या, तिच्याशी काहीतरी पुटपुटत. चाहूल लागली तशी त्यांनी झटक्यात दुपटं ओढलं आणि वळल्या. उजव्या हाताची तर्जनी चकचकत होती. त्यांनी ती पदरात धरली.

"विहीणबाई," मी विचारलं, "काय लावलंत?"

"मी? काय न्हाई."

मंडळी, तुमच्या घरात पाळणा हलत असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. विश्वास कोणावर ठेवायचा तो ठेवा, पण कोणाच्या बोटाला काय लागलेलं होतं, तेवढा हिशेब खरा ठेवा.